कॉफी चहासारखी मांडू नका

खामगाव तालुक्यातल्या इतर गावांसारखंच पिंपळगाव राजातही कॉफी म्हणजे किराणा दुकानाच्या दारात माळेने लटकणारी पुडी. पाहुणी म्हणते, "चहा नको माय, कॉफी असली तर मांड." मग पोराला दुकानात पिटाळायचं, गंजात दूध-साखर चढवायची, पुडी फोडून टाकायची आणि चांगल्या दोन उकळ्या येऊ द्यायच्या. वरून जायफळ. होतं ते पेय वाईट नसतं. गोड, गरम, तपकिरी दूध कुणाला नको? पण त्यात कॉफी जवळपास उरलेली नसते. यात पुडीचा दोष थोडा आणि रीतीचा जास्त. आपण कॉफी चहासारखी मांडतो, आणि चहाला जे मानवतं तेच कॉफीला मारतं.

आपला रोजचा चहा उकळण्यासाठीच घडवलेला आहे. १९३० साली आसामातल्या मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. ते पानं चिरडतं, फाडतं आणि वळवून त्यांचे दाणे करतं. या दाण्याला दुधात कितीही उकळा, तो रंग देतो, कडकपणा देतो, आणि त्यातला तुरटपणा दुधातली प्रथिनं पकडून ठेवतात. कॉफीचं तसं नाही. कॉफीची खरी श्रीमंती वासात. भाजलेल्या बीमध्ये वास देणारी, चटकन उडून जाणारी आठशेहून अधिक द्रव्यं शास्त्रज्ञांनी वेगळी काढली आहेत. गंजात कॉफी उकळत असताना ओसरीपर्यंत दरवळ येतो तेव्हा आपण खूश होतो. पण ओसरीत आलेला वास कपातून वजा झालेला असतो.

दुसरी गोष्ट विरघळण्याची. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, पण सगळा उतरवायचा नसतो. आधी आंबट द्रव्यं निघतात, मागोमाग गोडसर आणि भाजकी चव, आणि शेवटी कडू-तुरट. १८ ते २२ टक्के उतरलं की चव जमते असं कॉफीच्या जाणकारांचं माप आहे. त्याच्या अलीकडे राहिलं तर कॉफी आंबट आणि पोकळ, पुढे गेलं तर कडवट. चांगली कॉफी करणं म्हणजे वेळेवर थांबणं. उकळत ठेवलेल्या गंजात थांबायची सोय नसते. पाणीही खळखळतं नको, ९० ते ९६ अंशांचं हवं. खामगावचा परिसर समुद्रसपाटीपासून तीनशेक मीटरवर असल्यामुळे इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की काम होतं. थर्मामीटर लागत नाही.

आता पाणी. कॉफीच्या गप्पा यंत्रांवर आणि बियांवर रंगतात. आपल्या भागात मात्र निम्मा निकाल पाण्यावरच लागतो. कपातला जवळपास सगळा भाग पाणी असतो, आणि बुलढाणा जिल्ह्यातलं पाणी गावागणिक काय, विहिरीगणिक बदलतं. इथून उत्तरेला पूर्णेचं खोरं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा त्याच खोऱ्यातला. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या कितीतरी गावांनी बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं सोसलंय. पट्ट्याबाहेर काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी खारं नसेल, पण बऱ्याचदा जड असतं. ते ओळखायला प्रयोगशाळा नको. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते. झालं, पाणी जड आहे.

जड पाण्यात कॉफीचं काय होतं? खपली धरवणारे बायकार्बोनेट क्षार आम्लाला मारतात. कॉफीतली हलकी आंबट-फळासारखी चमक हीच तिची जान, आणि ती या क्षारांमुळे विझते. कप मातकट आणि सपाट लागतो. मग माणूस पुडी वाढवतो, कॉफी कडू होते, मग साखर वाढवतो. म्हणून घरातल्या आरओचं किंवा जारचं पाणी वापरावं, तर त्यात क्षार इतके कमी असतात की कॉफीतून चव ओढूनच निघत नाही. पाण्यातलं थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव उतरवायला मदत करतं. ते अगदीच नसेल तर कप पातळ आणि टोचरा लागतो. पिण्याच्या पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कॉफीवाल्यांची अपेक्षा मात्र १५० च्या आसपासची.

उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. पाणी जड आहे पण खारं नाही, तर ते दहा मिनिटं चांगलं उकळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी न हलवता ओतून घ्या. उकळताना बायकार्बोनेट मोडतो, चुना तळाशी बसतो, पाणी हलकं होतं. एरवी खपली धरवणारी क्रिया आपण मुद्दाम आधीच उरकून घेतो. पाणी खारं असेल तर मात्र उकळण्याचा उपयोग नाही. मीठ तळाशी बसत नाही, उलट पाणी आटलं की खारटपणा वाढतो. तिथे मिसळावं लागतं. टीडीएस मोजायची पेनासारखी काडी काही शे रुपयांत मिळते. समजा विहिरीचं पाणी ८०० दाखवतंय आणि जारचं ५०, तर एक वाटी विहिरीचं आणि सहा वाट्या जारचं मिळून आकडा १५७ वर येतो. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, त्यात मीठही मोजलं जातं, पण घरच्या कामाला हा अंदाज पुरतो. उन्हाळ्यात विहिरी खोल गेल्या की पाणी बदलतं, तेव्हा मे महिन्यात पुन्हा मोजावं. डिसेंबरात जमलेली कॉफी उन्हाळ्यात बिघडली तर बहुधा पाणी बदललेलं असतं, आणि दोष मात्र पुडीला दिला जातो.

पुडीचं पाहू. दुकानातल्या माळेतली पुडी म्हणजे विरघळणारी कॉफी. कारखान्यात कॉफीचा अर्क आधीच काढून वाळवलेला असतो. आपण त्यात फक्त पाणी परत घालतो. फिल्टर कॉफीची पूड म्हणजे भाजलेलं बी नुसतं दळलेलं. ती विरघळत नाही, गाळावी लागते. या दोघींची गल्लत बऱ्याच घरांत होते. बंगळुरूहून आलेली चांगली फिल्टर पूड कुणीतरी साखरेबरोबर चमच्याने फेटत बसतं आणि फेस येत नाही म्हणून पूड नकली ठरते.

पाकिटावर दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्या देशात गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफीन नसतं, पण रंग, घट्टपणा आणि जळक्या साखरेसारखी कडसर गोडी भरपूर. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. १५-२० टक्के चिकोरी दुधाच्या कॉफीला शोभते. तिला भेसळ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ४७-४९ टक्के असेल तर आपण मूळच पितोय. दुसरी गोष्ट बियांची जात. अरेबिका सुगंधी आणि सौम्य. रोबस्टा कडक, तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा दोन तृतीयांशांहून जास्त आहे. पाकिटावर 'प्लांटेशन ए' लिहिलं असेल तर ती धुऊन तयार केलेली अरेबिका, आणि 'पीबेरी' म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी भरतं ते. दोन्हींचं मिश्रण, त्यात थोडी चिकोरी, ही दक्षिणेतल्या घरांची जुनी जोडणी.

पिंपळगावला ही पूड मिळायची कुठून? पुण्या-मुंबईत नोकरीला असलेलं कुणी प्रत्येक घरात असतंच. मुंबईत माटुंग्याला दक्षिणी दुकानांत डोळ्यांदेखत दळून देतात. तिथून येणाऱ्याला सांगावं. आणि कॉफी फक्त कर्नाटकातच होते असंही नाही. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, गाविलगडाच्या डोंगरात हजार मीटरहून जास्त उंचीवर इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. महाराष्ट्रात कॉफीचं नाव निघालं की पहिलं चिखलदराच आठवतं. पीक थोडं आहे, दरवेळी पूड मिळेलच असं नाही. पण सहलीला गेलात तर विचारून पाहावं. एक गंमत म्हणजे त्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चिखलदऱ्याच्या माणसाला उकळी आल्यावर थांबायची गरजच नाही.

एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त आणू नये. दळलेली कॉफी दोन-तीन आठवड्यांत विटते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकला की त्याहून लवकर. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही गॅसच्या ओट्यापासून लांब, माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात. फ्रिजमध्ये ठेवून रोज काढ-घाल केली की पुडीवर दमटपणा धरतो आणि शेजारच्या लसणाचा वासही ती ओढून घेते. अख्ख्या बिया मिळाल्या तर जास्त चांगलं. मिक्सरच्या लहान भांड्यात थोड्या थोड्या घालून झटके देत दळायच्या. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. फिल्टरला बारीक रव्याएवढी दळ हवी. पीठ झालं तर जाळी तुंबते आणि अर्क कडू उतरतो, जाडा रवा राहिला तर पाणी भरकन निघून जातं. चहाच्या गाळणीने चाळून भुकटी बाजूला काढली तर फरक पहिल्याच घोटात कळतो.

आता प्रत्यक्ष कृती. दक्षिणी फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, सोबत दांडी असलेली भोकांची चकती आणि झाकण. स्टीलचा मध्यम आकाराचा घ्यावा. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घाला, म्हणजे पोह्याचे सपाट चार चमचे. भांडं हलकेच आपटून पूड सारखी करा, चकती ठेवा, दाबू मात्र नका. चकतीचं काम पाणी सगळीकडे सारखं पसरवण्याचं आहे. दाबून बसवली की अर्क खाली यायला तास लागतो. उकळी उतरलेलं पाणी आधी थोडं, पाव वाटी, गोल फिरवत घाला आणि अर्धा मिनिट थांबा. पूड ताजी असेल तर फुगेल, बुडबुडे येतील. भाजताना बीमध्ये अडकलेला कर्बवायू बाहेर पडतोय. तो आधी जाऊ दिला नाही तर पाणी पुडीत शिरायला तयार नसतं, कडेने वाट काढतं. मग उरलेलं पाणी घाला. एकूण १२० मिली. झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरा.

खाली अर्क उतरतो साधारण ८० मिली, कारण पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. हा अर्क दोन कपांचा. प्रत्येक कपाला ४० मिली अर्क आणि १२० मिली दूध. थोडा हिशेब करून पाहा: २० ग्रॅमातून १८-२० टक्के उतरलं तर चारएक ग्रॅम, ते ३२० मिलीत पसरलं की कपाची ताकद सव्वा टक्क्याच्या जवळ येते. जगभर काळ्या कॉफीची ताकदही साधारण एवढीच असते. म्हणजे जुन्या दक्षिणी गृहिणींनी हाताच्या अंदाजाने बसवलेलं माप आजच्या मोजणीतही बरोबर ठरतं. इतक्या कमी पाण्यात पूर्ण २० टक्के उतरणं तसं अवघडच. म्हणून तर दळ बारीक, वेळ लांब आणि जोडीला चिकोरी, जी पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते.

फिल्टर नसेल तर फडकं आहे. धुऊन मऊ झालेलं सुती कापड, मलमलीसारखं, गाळणीवर दुहेरी अंथरायचं आणि वरच्याच मापाने त्यातून पाणी थोडं थोडं सोडायचं. कापड पहिल्यांदा साध्या पाण्यात उकळून घ्यावं, नाहीतर खळीचा वास येतो. नंतर ते कधीच साबणाने धुऊ नये. नुसत्या गरम पाण्यात चोळून उन्हात वाळवावं आणि कॉफीसाठीच राखून ठेवावं. शेवटी चोथा पिळायचा मोह आवरा. पिळल्यावर जे चार थेंब येतात ते सगळ्यात कडू असतात.

दुधाकडे वळू. आपल्याकडे घरोघरी म्हशीचं. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. साय कडूपणा झाकते, पण वासही झाकते, म्हणून म्हशीच्या दुधाला अर्क जरा जास्त घालावा किंवा दुधात चौथा हिस्सा पाणी घालावं. सकाळी तापवून ठेवलेलं दूध कॉफीसाठी पुन्हा खळखळून उकळायची गरज नाही; वाफा आल्या, कडेला बारीक बुडबुडे धरले की पुरे. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाला खरवसासारखा शिजका वास येतो आणि तो कॉफीशी भांडतो. क्रमही ध्यानात ठेवावा. आधी कपात साखर आणि अर्क, वरून गरम दूध. अर्क दुधात ओतून पुन्हा गॅसवर ठेवला की केलेली सगळी मेहनत ओसरीत.

आणि जायफळ. दक्षिणेतला माणूस जायफळाची कॉफी ऐकून चमकतो, पण मराठी घरात ती आपली आहे आणि तिला सोडायचं कारण नाही. जायफळ कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जात दिली आहे. त्याचा सुगंध तेलात असतो, म्हणून तो पाण्यापेक्षा सायीच्या दुधात चांगला उतरतो. जायफळ दूध तापताना किसणीवर दोन-तीनदा घासावं, अर्कात घालू नये. बाजारातली तयार पूड घेऊ नका, तिच्यात फक्त रंग उरलेला असतो. दोन कपांना चिमूटभराच्याही आत पुरतं. जास्त झालं तर कॉफी औषधासारखी लागते, आणि मोठ्या मात्रेत जायफळ बाधतं, हे लहान मुलांच्या घरात विसरू नये. वेलदोडा घालणारे घालोत; माझ्या मते दोन्ही एकत्र घातले की तो मसाला दूध होतो, आणि त्यासाठी कोजागिरी आहे.

माळेतल्या पुडीचीच कॉफी करायची असेल तरी ती बरी करता येते. दूध आधी तापवून गॅस बंद करा. कपात पुडी, साखर आणि चमचाभर गरम पाणी घालून फेटा; रंग फिकट होऊन फेस उभा राहिला की वरून दूध. हा फेस विरघळणाऱ्या कॉफीलाच येतो, आणि साखर त्याला धरून ठेवते. एवढं केलं तरी दोन उकळ्या दिलेल्या कॉफीपेक्षा वीस आणे सरस.

मोठ्या कामाचं शेवटी सांगतो, कारण घरी वास्तू, साखरपुडा किंवा भजनाची रात्र असली की एवढ्याशा फिल्टरचं काय करायचं हा प्रश्न येतोच. वीस कपांना ८०० मिली अर्क लागतो. २०० ग्रॅम पूड घ्या, दळ थोडी जाडी, मोठ्या गंजात घाला. उकळी उतरलेलं सव्वा लिटर पाणी ओता, डावाने एकदा ढवळा, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं थांबा आणि दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. इथेही पिळायचं नाही. दूध अडीच लिटर वेगळं तापवायचं. पाहुणे टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून अर्काचं भांडं गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या घमेल्यात उभं करायचं. तासभर तो चांगला राहतो. उरलेला अर्क बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी थंड दुधात घालून चालतो, त्यापुढे नाही. साखर मात्र गंजात घालू नये, डब्यात चमचा ठेवून शेजारी मांडावी. वीस माणसांत मधुमेहाचे दोघेतिघे असतातच, आणि ते मागून घ्यायला संकोचतात.